दुसरी गाडी घेताय? मग बोनसचं नीट समजून घ्या

भाऊ, पहिल्या गाडीच्या विम्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस (वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आहे म्हणून नव्या गाडीलाही तो लागेल, हे डोक्यातून काढून टाका. बोनस मालकाचा असतो हे खरं, पण एका वेळी तो एकाच गाडीवर चालतो. दुसरी गाडी शून्यापासून सुरू होते: क्लेम नसेल तर दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के. तोही फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर; थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्यावर नाही.

चांगली बाजू अशी, की नाशिकच्या द्वारका सर्कलला एका गाडीला ठोकर बसून क्लेम घेतला, तरी दुसरीचा बोनस शाबूत राहतो. पण किरकोळ बंपरसाठी क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० असेल, तर ५० टक्के म्हणजे ४,५०० रुपये पुढच्याच वर्षी जातात, आणि परत वर चढायला पाच वर्षं. अडीच हजारांचं काम मी तरी अंबडच्या गॅरेजात खिशातून करून घेतो.

जुनी गाडी विकणार असाल तर मात्र बोनस तिच्यासोबत सोडू नका! विमा कंपनीकडून रिटेन्शन लेटर, म्हणजे बोनस तुमच्या नावावर राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या कारला लावता येतं. स्कूटरचा बोनस कारला लागत नाही.

पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की सगळा बोनस गेला. दोन्ही गाड्यांच्या तारखा आजच मोबाईलमध्ये टाका. आणि एजंट म्हणाला तरी फॉर्मवर खोटा बोनस लिहू नका, ऐन क्लेमच्या वेळी ते अंगाशी येतं.