मायकोसिस फंगॉइड्स इतक्या वर्षांनी अचानक चिघळला तर काय करायचं?

प्रश्न असा आहे: वडिलांना मायकोसिस फंगॉइड्स (टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा, त्वचेत होणारा कर्करोग) आहे. अंगावर ९ वर्षं नुसते चट्टे होते, गेल्या ३ महिन्यांत मांडीवर गाठी आल्या, एक फुटली. 'लार्ज सेल ट्रान्सफॉर्मेशन'ची (कर्करोगाच्या पेशी मोठ्या आणि आक्रमक होण्याची) शंका आहे, तर केमो लगेच सुरू करायची का?

आधी बायोप्सी, मग केमोचं बोला. नुसत्या गाठी दिसल्या म्हणून ट्रान्सफॉर्मेशन ठरत नाही. लहान लिम्फोसाइटच्या (पांढऱ्या रक्तपेशीचा एक प्रकार) किमान चौपट आकाराच्या पेशी नमुन्यात २५ टक्क्यांहून जास्त असाव्या लागतात किंवा त्यांचे छोटे पुंजके दिसावे लागतात. नमुना सर्वांत जाड गाठीतून, खोलवर घ्यायला सांगा. व्रणाच्या मधोमध घेतला तर मेलेल्या पेशीच हाती लागतात. जुन्या चट्ट्याचाही एक तुकडा घ्यावा, म्हणजे दोन्हीकडे टी पेशींचा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) एकच आहे का ते जुळवता येतं. (नावात फंगस असला तरी बुरशीचा इथे संबंध नाही. १८०६ साली अलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाला त्या गाठी अळंबीसारख्या दिसल्या, त्यावरून हे नाव चिकटलंय.)

इथे एक चकवा असतो. फोड लहान असतील आणि काही आठवड्यांत आपोआप बसत असतील, तर तो लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस हा त्वचेचा सौम्य वागणारा आजार असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातही मोठ्या, सीडी३० पॉझिटिव्ह (पृष्ठभागावर सीडी३० हे प्रथिन असलेल्या) पेशी दिसतात, पण त्याला केमो लागत नाही. म्हणून गाठींचे दर आठवड्याला मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि ते पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचवा.

सोबत पेट-सीटी (आजार कुठे पसरलाय ते दाखवणारं स्कॅन), एलडीएच (आजाराचा जोर सुचवणारी रक्ततपासणी) आणि रक्ताची फ्लो सायटोमेट्री (रक्तात अशा पेशी आहेत का ते मोजणारी तपासणी) करून घ्या. दीड सेंटिमीटरहून मोठी लसिकाग्रंथी सापडली तर ती अख्खी काढून तपासणं बरं, सुईने भागत नाही.

फुटलेली गाठ हलक्यात घेऊ नका. या आजारात स्टॅफिलोकोकस या जिवाणूचा संसर्ग रक्तात उतरणं हेच पुष्कळदा जिवावर बेततं. पू, वास, थंडीताप यांपैकी काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवा.

गाठी मोजक्याच असतील तर तेवढ्या जागी ८ ग्रे इतक्या मात्रेच्या रेडिएशनने त्या बहुधा छान विरतात. सगळीकडे पसरल्या असतील आणि सीडी३० असेल तर ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन (सीडी३० असलेल्या पेशींवर नेम धरणारं औषध), किलोमागे १.८ मिग्रॅ, दर ३ आठवड्यांनी. सीडी३० नसेल तर जेमसिटाबीन किंवा लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन यांपैकी केमोचं एकच औषध. अनेक औषधांची केमो आधीच देऊ नये असं माझं मत आहे. गाठी झटकन बसतात, तितक्याच झटकन परत येतात, आणि मधल्या काळात प्रतिकारशक्ती पार ढासळते. तब्येत साथ देत असेल तर दात्याच्या मूळपेशी प्रत्यारोपणाचा विषय मात्र आत्ताच काढा, दाता शोधायला वेळ जातो.

ब्रेंटुक्सिमॅबवर असताना तळपायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडू लागली, तर पुढच्या सलाईनआधीच सांगा. डोस थांबवून नंतर किलोमागे १.२ मिग्रॅवर आणता येतो.