स्वप्नात सख्ख्या भावावर कुऱ्हाड

प्रश्न : वय ३६. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) मोठ्या भावाशी दोन वर्षांपासून बोलणं बंद आहे. महिनाभरापासून स्वप्नात मी त्याच्यावर कुऱ्हाड उगारतो न् दचकून उठतो. माझ्या मनात पाप आहे का? सध्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी आणि रात्री जागल (पिकाची राखण) सुरू आहे.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. स्वप्नात मारलं म्हणजे मारायचा इरादा आहे, असं होत नाही. जाग आल्या आल्या काय वाटलं, तेवढं पाहा. उशाशी वही ठेवा आणि उठल्याबरोबर दोन ओळी लिहा : स्वप्नात कोण होतं, आपल्याला राग आला, भीती वाटली की रडू आलं, आणि आदल्या दिवशी काय घडलं. पंधरवड्याच्या नोंदी एकत्र वाचल्या की पुष्कळांना रागाखाली भाऊ तुटल्याचं दुःख सापडतं. ते दिवसा कुणापाशी बोललंच गेलेलं नसतं.

तुमची शेवटची ओळ मात्र आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची कीटकनाशकं अंगात थोडीथोडी भिनली तरी झोप बिघडते, भयंकर स्वप्नं पडू शकतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे आपण विसरू नये. म्हणून फवारणीचे दिवस वहीत वेगळे लिहा. डोकेदुखी, मळमळ, लाळ सुटणं, अंधुक दिसणं यातलं काही असेल तर फवारणी थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि डब्यावरचं लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठा. जागलीचंही पाहा. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते; ती रोज मोडली की सलग झोप मिळालेल्या रात्री स्वप्नं जोरात येतात. घरच्यांशी पाळी लावून घ्या. दारू घेत असाल तर तिचाही परिणाम असाच होतो.

मग दिवसाउजेडी स्वप्नाचा शेवट बदलून लिहा : कुऱ्हाड खाली ठेवली, भावाला नाव घेऊन हाक मारली. हा नवा शेवट रोज १०-१५ मिनिटं डोळ्यांसमोर आणा. बरेचजण इथे चुकतात. जुनं स्वप्नच घोळवत बसतात आणि भीती आणखी पक्की होते.

झोपेत खरोखर हातपाय झाडत असाल तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर विळा-कुऱ्हाड खोलीबाहेर ठेवा. जागेपणी कुणाला मारण्याचे किंवा स्वतःला संपवण्याचे विचार आले तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा; सेवा मोफत आहे, चोवीस तास.

धुऱ्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. अर्ज देण्याआधी भावाला निरोप धाडा, म्हणजे मोजणीच्या दिवशी तोही वावरात हजर राहील.