विहिरीवरच्या गर्डरच्या गणितात पंपाचं वजन 600 न्यूटन, मग उत्तरात गर्डरवर 1200 कसे?

कारण पंपाचा दोर गर्डरला टांगलेल्या कप्पीवरून जातो. आपल्याकडं मराठवाड्यात मोटार काढताना पाहा: एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूनं तेवढ्याच ताकदीनं खाली ओढणारी माणसं. दोन्हीकडचा ताण कप्पीवर येतो, 600 + 600. फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) दोर कापून दोन्ही बाण दाखवा. बहुतेकांचं गणित इथंच फसतं.

गर्डर 4 मीटर, दोन्ही टोकांना टेकलेला, स्वतःचं वजन 800 न्यूटन मध्यावर, कप्पी डाव्या टोकापासून 1 मीटरवर. डाव्या टोकाभोवती मोमेंट (बल × अंतर, म्हणजे फिरवण्याचा परिणाम) घ्या, म्हणजे तिथली रिअॅक्शन (टेकूनं वर दिलेलं बल) समीकरणातून जाते: उजवी × 4 = 1200 × 1 + 800 × 2. उजवी 700, डावी 1300. उजव्या टोकाभोवतीही मोमेंट घेऊन ताळा पाहाच. दोर तिरका ओढला तर कप्पीवर आडवं बलही येतं, ते विसरू नका.