डोंगरावर जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद,

वसंतात डोंगरावर पक्षी बघायला जायचं ठरवलंस, फार आनंद झाला. हाताशी अजून काही आठवडे आहेत, ते दुर्बिणीला दे.

८×४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली दुर्बीण पुरे. १० पटीचा मोह आवर. चढून आल्यावर धाप लागलेली असते, हात थरथरतात, आणि पट जितकी जास्त तितकं चित्र जास्त हलतं. आधी ती तुझ्या डोळ्यांना जुळव. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्वच्छ कर. मग डावं झाक आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरव. कडीची खूण लक्षात ठेव. पिशवीत घासून ती सरकते आणि दिवसभर डोकं का दुखतंय ते कळत नाही.

सगळ्यात जास्त पक्षी हुकतात ते दुर्बीण उचलताना. पक्षी दिसला की मान खाली जाते, आणि वर बघेपर्यंत फांदी कोणती होती तेच आठवत नाही. नजर पक्ष्यावरच राहू दे, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आण. खिडकीतून दूरच्या एखाद्या पानावर रोज वीसेक वेळा हेच कर.

दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यामुळे वसंत पायथ्याकडून वर चढत जातो. खाली पालवी दाटली तरी वर फांद्या उघड्या असतात, आणि पक्षी बघायला उघडी फांदीच बरी. वर बर्फ असेल तर वितळत्या कडेशी बस. तिथल्या ओल्या मातीत किडे हलू लागलेले असतात, वाऱ्याने वर आलेले कीटक बर्फावर गारठून पडलेले असतात. ते टिपायला एरवी कड्यांवर वावरणारे छोटे पक्षी अगदी जवळ येतात. अर्धा तास हलू नकोस. शिखर राहिलं तर राहू दे.

गाणं ऐकायचं तर उजाडण्याआधी पोच. गरुड मात्र ऊन तापून हवा वर उठू लागली की घिरट्या घालतात.

चोचीत चारा धरून एखादा पक्षी ओरडत घुटमळत असेल, तर घरटं जवळ आहे आणि तू आड येतो आहेस. आल्या वाटेने लगेच मागे फीर, आत पिल्लं ताटकळलेली असतात. मोबाइलवर त्याच जातीच्या पक्ष्याचा आवाज वाजवून नराला बोलावूही नकोस. हद्द राखायला तो धावत येतो आणि चाऱ्याचा वेळ तुझ्यापायी घालवतो.

नोंदवहीला पेन्सिल बांधून ने, ओलसर कागदावर पेन उठत नाही.