‘मला पदवी कशाला हवी?’

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. बरेच दिवस तो स्वतःच भौतिकशास्त्र वाचतोय. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद साफ चुकीचा आहे असं म्हणतो. स्वतःचा पर्यायी सिद्धांत लिहून त्याने बऱ्याच प्राध्यापकांना पाठवला, पण कुणाचंच उत्तर नाही. एका नियतकालिकाने मात्र ‘शुल्क भरा, आठवड्यात छापतो’ असं कळवलंय. ‘आइन्स्टाइन कारकून होता, रामानुजन नापास झाले होते, मग मला पदवी कशाला?’ असं म्हणत तो पुढे शिकायलाच तयार नाही. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या नियतकालिकाला पैसे देऊ नका. आठवड्यात छापतो म्हणणारे लेख वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. तिथे छापून आलेल्या लेखाला संशोधक मोजत नाहीत आणि पुढे तो शिक्का मुलाच्या नावाला चिकटून राहतो.

आता आइन्स्टाइन. पेटंट कार्यालयात नोकरीला लागण्याआधी, 1900 सालीच त्यांनी झुरिकच्या पॉलिटेक्निकची पदविका घेतली होती. 1905 चे गाजलेले लेखही त्या काळच्या मान्यवर जर्मन नियतकालिकातच आले. रामानुजन यांची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. मूळ संख्यांविषयीचा त्यांचा एक दावा चुकीचा निघाला. तो का चुकला हे हार्डींनी दाखवलं, आणि पुढच्या वर्षी रामानुजन केंब्रिजला गेले.

पदवी नसलेल्याचं कुणी ऐकत नाही, ही मुलाची तक्रार अगदीच खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाने सोळाव्या वर्षी शाळा सोडली, पुढे तो एका तार कंपनीत लागला आणि मॅक्सवेल या शास्त्रज्ञाचा विद्युत-चुंबकत्वावरचा ग्रंथ त्याने स्वतःच वाचून पचवला. आज विद्यार्थी मॅक्सवेलची म्हणून जी चार समीकरणं घोकतात, त्यांची मांडणी मुख्यतः हेविसाइडची. 1891 मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याला सदस्य करून घेतलं, आणि पुढे त्याच सोसायटीने गणिती काटेकोरपणा नाही म्हणून त्याच्या लेखमालेचा तिसरा भाग अडवला. त्याची गणिती पद्धत उपयोगाची होती. तिला पक्का गणिती पाया नंतरच्या लोकांनी घातला. म्हणजे अडवाअडवी होते, लायक माणसाचीही होते. त्याला पैशाची ओढाताण जन्मभर पुरली, हेही मुलाला कळू द्या.

पण हेविसाइडला मॅक्सवेल तोंडपाठ होता. तुमच्या मुलाला सापेक्षतावाद किती येतो? घरातल्या घरात हे तपासता येईल. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं, तिथे गुरुत्व क्षीण असल्याने, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे 45 मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढे जातात आणि उपग्रहाच्या वेगामुळे सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात. वजाबाकी करून 38 उरतात. ही दुरुस्ती केली नाही तर जागा दाखवण्यात दिवसाला जवळजवळ दहा किलोमीटरची चूक साचेल, म्हणून उड्डाणाआधीच घड्याळ तेवढं मंद लावून ठेवतात. मुलाला सांगा, हे 38 आधी प्रचलित सिद्धांताने काढून दाखव, मग तुझ्या सिद्धांताने काढ. आकडे हवेत, शब्द नकोत. पहिलं जमलं नाही तर पदवी कशाला हवी, हे त्याचं त्यालाच कळेल. दोन्ही जमलं, तर मलाही ते कागद बघायला आवडतील. (मुलं बहुतेक वेळा पहिल्यावरच अडतात, आणि तिथून खरा अभ्यास सुरू होतो.)

प्रवेश घेऊ द्या, सिद्धांताची वही बंद करायला लावू नका. ‘आधी डिग्री, मग तुझे उद्योग’ हे वाक्य टाळाच. त्याने वही बंद होत नाही, लपवली जाते. भौतिकशास्त्र किंवा गणित, जिथे प्रयोगशाळा आणि ग्रंथालय बरं असेल तिथे. महाविद्यालयात त्याला शंका काढणारी माणसं मिळतील, ती घरी तुम्ही कुठून आणणार?

प्राध्यापकांना पुन्हा लिहायचं असेल तर पद्धत बदलावी लागेल. ‘आइन्स्टाइन चुकला’ अशा विषयाची पत्रं त्यांना सतत येतात, ती उघडलीच जात नाहीत. पदवीशिवायही नीट कसं विचारावं, याचं उदाहरण बघा. डेव्हिड स्मिथ हा छपाई व्यवसायातून निवृत्त झालेला इंग्रज, आकृत्या जुळवण्याचा नादी. 2022 च्या अखेरीस त्याला एक आकार सापडला. त्याच्या फरश्या कितीही पसरल्या तरी नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा तशीच येत नाही, असं त्याला वाटलं. त्याने तो क्रेग कॅप्लन या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाला दाखवला. आणखी दोघे सामील झाले, सिद्धता झाली, आणि 2023 च्या शोधनिबंधावर पहिलं नाव स्मिथचं लागलं.

मुलाचं पत्रही तसंच असावं : एक पान, एक गणित, आणि शेवटी ‘माझी चूक कोणत्या पायरीवर आहे?’ एवढाच प्रश्न. ते एकाच प्राध्यापकाला जावं, आणि त्याचे एक-दोन शोधनिबंध मुलाने आधी वाचलेले असावेत.