मामांच्या वाड्यात बऱ्याच वर्षांपासून पडून असलेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड मिळते आहे. छंद म्हणून नागपुरातच तयार करायची आहे, छत कापून स्पोर्ट्स कारसारखी करायचा विचार आहे. आधी रंगकाम करावं की इंजिन? खर्च किती येईल?

रंग सगळ्यात शेवटी. इंजिनही पहिलं नाही. पहिलं काम पुढच्या दोन चाकांच्या मागे असतं, आणि ते तुम्हाला कुठलाही गॅरेजवाला आपणहून सांगणार नाही. तुमच्या प्रश्नातलं ‘आधी रंगकाम’ वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरी अशाच एका हेराल्डच्या याच मुद्द्यावरून माझं आणि दादाचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

गाडी मात्र उत्तम मिळते आहे, ती सोडू नका. १९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फने ही काढली, आकार इटलीच्या मिकेलॉटीचा. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनी ती बनवायला लागली, ९४८ सीसी इंजिन घालून. आणि ज्या ट्रायम्फ स्पिटफायरला लोक आजही स्पोर्ट्स कार म्हणून डोक्यावर घेतात, ती १९६२ साली हेराल्डचाच सांगाडा आखूड करून उभी केली. पुढचं सस्पेन्शन दोघींचं एकाच घराण्यातलं. तेव्हा तुमच्या गाडीला वरून स्पोर्ट्स कार करायची गरजच नाही. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, टाचेवर फिरावी तशी ती जागच्या जागी वळते. आणखी काय पाहिजे?

आमची गाडी धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारातून घेतली. पैसे दादाचे निम्मे, माझे निम्मे. वरून ठीकठाक दिसत होती. खाली पाठीवर झोपून गेलो तर चेसिसच्या बाजूंना जे हात निघतात, ज्यांना आउटरिगर म्हणतात, त्यांच्यात काळी माती ठासून बसलेली. वर्षानुवर्षं ती पावसाळ्यात भिजली आणि आतून पत्रा खात राहिली. खुरपीने माती काढली, पेचकसाचं टोक दाबलं, तर पेचकस आरपार. आपल्याकडे समुद्राची हवा नाही म्हणून विदर्भातली गाडी गंजत नाही असं जे म्हणतात, ते छतापुरतं आणि दारांपुरतं खरं. खाली काळ्या मातीने घात केलेला असतो.

तेव्हाच पुतणीचं लग्न ठरलं. पाठवणी याच गाडीतून करायची, असं दादाने ठरवून टाकलं. मी म्हटलं, चेसिस आणि पुढचं सस्पेन्शन आधी होऊ दे, रंग नंतर. दादा म्हणाला, “लोक काय खाली वाकून पाहणार आहेत का बे?” गाडी एका गॅरेजला गेली. आउटरिगरवर पत्र्याचे तुकडे चिकटवले, वर पुट्टी, वर क्रीम रंग. दिसायला देखणी झाली, हे नाकारत नाही.

पण मी गॅरेजात गेलो तेव्हा मेकॅनिक ग्रीस गन घेऊन पुढच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ज्यात बसतो त्या पितळी भागात, ग्रीस भरत होता. मी त्याला थांबवलं. इथे ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल जातं, असं सांगितलं. त्याचं उत्तर, “साहेब, निपल आहे म्हणजे ग्रीसच.” दादा माझ्याकडे वळून म्हणाला, “त्याले जास्त कळते का तुले?”

मला कळत होतं, आणि का ते सांगतो. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला आट्यांचा असतो. तो पितळी ट्रनियनमध्ये स्क्रूसारखा बसतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांमध्येच फिरतो. म्हणजे चाकाचा वळण्याचा सगळा भार त्या आट्यांवर. ऑइल पातळ असतं, आट्याआट्यांतून झिरपत वरपर्यंत जातं. ग्रीस तळाशीच बसतं आणि वाळून घट्ट होतं. वरच्या अंगाने पाणी शिरतं, आटे गंजतात, ट्रनियन जाम होतं. तरी चालवणारा स्टिअरिंग फिरवतच राहतो, आणि मग फिरण्याऐवजी दांडा पिळवटतो. आटे जिथे संपतात तिथे बारीक तडा जातो. बाहेरून तो दिसत नाही. लोटस एलान या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्येही हाच दांडा आणि हेच ट्रनियन वापरलं आहे, तेव्हा डिझाइन टाकाऊ नाही. त्याला फक्त त्याचं ऑइल लागतं.

लग्न झालं. पुतणी आणि जावई फुलांनी सजवलेल्या त्या गाडीतून वर्धा रोडने त्यांच्या घरी पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडी घरच्या फाटकातून आत घेत होता, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, माणूस चालतो त्याहून कमी वेग. कट्कन आवाज झाला, डावं चाक आडवं पडलं आणि गाडी नाकावर बसली. आदल्या रात्री हेच चाक महामार्गावर, ट्रकांच्या मध्ये, नवरा-नवरीला घेऊन धावत होतं. हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

दादा आजही म्हणतो की फाटकापाशी नालीचा खड्डा होता, त्याने चाक गेलं. तुटलेला दांडा मी जपून ठेवला आहे. त्याच्या तुटलेल्या तोंडावर दोन रंग दिसतात. अर्ध्याहून जास्त भाग काळपट तांबूस, गंजलेला, कडेला बारीक रेघा एकामागे एक सरकलेल्या. उरलेला भाग पांढरा, खरखरीत, साखरेच्या फोडीसारखा चमकणारा. काळा भाग म्हणजे आधीपासून हळूहळू वाढत आलेला तडा, पांढरा भाग त्या सकाळी तुटला. खड्ड्याने तुटला असता तर सगळं तोंड पांढरं दिसलं असतं. हिंगणा एमआयडीसीत लेथवर काम करणारा कुठलाही टर्नर हे बघताक्षणी सांगेल. तडा जुना होता हे मला मान्य आहे, तो त्या गॅरेजने पाडला नाही. पण रंगाआधी ते उघडलं असतं तर दिसला असता. माझं म्हणणं एवढंच होतं आणि एवढंच आहे.

तुम्ही काय कराल? गाडी जॅकवर नका ठेवू, पक्क्या स्टँडवर ठेवा. दोन्ही बाजूंचे उभे दांडे आणि ट्रनियन काढा आणि सरळ नवे टाका. जुने घासूनपुसून परत बसवू नका. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, अदलाबदल करू नका. स्पिटफायरचे चाहते इंग्लंडात भरपूर असल्याने हे भाग तिथे आजही नवे बनतात. कस्टम ड्यूटी लागेल, ती भरा. मग ब्रेक. बंद गाडीत ब्रेक ऑइल पाणी ओढून बसतं आणि सिलिंडर आतून गंजतात, म्हणून रबर किट बदलून भागत नाही. मग चेसिस. आउटरिगरला तुकडे चिकटवू देऊ नका, कापून नवे करून घ्या. पत्रा इतवारीच्या लोहाओळीत मिळतो.

त्यानंतर इंजिन. ढकलून किंवा ओढून चालू करायचा मोह टाळा. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल ओता, काही दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवून पाहा. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळचं रबर ते सोसत नाही. देशभर शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, ते शिसं व्हॉल्व्हच्या सीट झिजू देत नसे, म्हणून हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या घालून घ्या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सिग्नलला उभं राहिलात तर पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडेल. नळी एक्झॉस्टपासून लांबून न्या आणि उन्हाळ्यात सकाळीच फिरा.

छत कापू नका. हेराल्डचं छत बोल्टांवर बसवलेलं असतं, हवं तर सोडवता येतं आणि परत लावता येतं. कापलं की कायमचं गेलं. शिवाय कागदोपत्रीही अडचण. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या व्हिंटेज नंबरवर नोंदता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. हेराल्ड १९७१ च्या सुमारास बंद झाली, म्हणजे तुमच्या गाडीची पन्नाशी उलटलेलीच असणार. पण बॉडी, चेसिस, इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं. आणि या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरतीच बाहेर काढता येते. दर रविवारी फुटाळ्यावर जायचं असेल तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नवी करत राहा.

खर्चाचा आकडा कोणी फोटो बघून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पत्राकाम आणि रंग यातच सगळ्यात जास्त जातं. इंजिन त्या मानाने स्वस्तात होतं, आपल्याकडे बोअरिंगची आणि क्रँक ग्राइंडिंगची चांगली माणसं आहेत. ज्या मेकॅनिकबद्दल वर लिहिलं, त्याने केलेलं आमचं इंजिन आजही सुरेख चालतं, हेही सांगायला हवं. पैसे कमी पडले तर रंग थांबवा, रेड ऑक्साइडच्या अस्तरावर गाडी छपराखाली काही काळ उभी राहिली तरी चालतं. मात्र गाडी ठेवायला वर पक्कं छप्पर नसेल तर काम सुरूच करू नका.

स्पोर्ट्स कारसारखी पळवायचा विचार असेल तर मागची चाकं लक्षात ठेवा. मागे आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि झुलते अ‍ॅक्सल आहेत. वेगात वळणावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि गाडीचा मागचा भाग सुटतो. सेमिनरी हिल्सच्या उतारावर तर मुळीच नको.

आणि गाडी उचलण्याआधी मामांकडून आरसी बुक मागा, त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसांच्या सह्या आताच घ्या, गाडी चमकायला लागली की सह्या मिळत नाहीत.