गप्पांत लक्ष उडतं? सुरुवात इथून करा

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याच्या स्थितीचं, निदान नुकतंच झालंय, तर आधी हे पक्कं धरा: बोलणं ऐकताना लक्ष उडणं म्हणजे त्या माणसाबद्दल आस्था नसणं नव्हे. लक्ष एका जागी टिकवणंच जड जातं, गोंगाटात तर जास्तच.

- धागा सुटला की नुसती मान डोलावत बसू नका. नुकतंच निदान झालेले लोक बरेचदा इथेच चुकतात, आणि पुढे गैरसमज होतात. 'थांब, मुलाखतीला उशीर झाला इथपर्यंत ऐकलं, पुढचं निसटलं' असं सरळ सांगा. कुठवर ऐकलं ते सांगितलं की समोरचा सहसा दुखावत नाही.
- महत्त्वाचं बोलणं शांत जागी, फोन नजरेआड ठेवून.
- विसरेन या भीतीने मध्येच तोंड घालता? एक शब्द टिपून ठेवा.

जवळच्या एक-दोघांना सांगून ठेवा, सगळ्यांना नको. औषधांचं मात्र डॉक्टरांशीच बोला.